साइडपट्टीवरची सायकल

मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन जुने महामार्ग धुळ्याजवळ एकमेकांना छेदतात, आणि खानदेशातील व्यापार, शेतीमालाची ने-आण, शाळा-महाविद्यालये व दवाखाने यांच्याकडे जाणारी बहुतेक प्रत्येक वाट कुठे ना कुठे या दोन रस्त्यांना किंवा त्यांना मिळणाऱ्या जिल्हा मार्गांना येऊन भिडते. पहिला रस्ता सातपुड्याचा बिजासन घाट उतरून शिरपूर, धुळे आणि लळिंगवरून नाशिककडे जातो, तर दुसरा नवापूर, साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर अशी गावे जोडत विदर्भात शिरतो. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले, सुरत–नागपूरच्या सहाचा ५३ झाला आणि मुंबई–आग्राच्या तीन क्रमांकाचे धुळ्याच्या उत्तरेला ५२ व दक्षिणेला ६० असे भाग पडले. या रस्त्यांवरून कंटेनर, टँकर, केळीचे ट्रक, लक्झरी बस आणि मोटारी धावत असताना त्यांच्या डाव्या अंगाला, जिथे डांबर संपते आणि मुरूम सुरू होतो त्या हातभर पट्टीवरून, सायकलस्वार चाललेला असतो. रस्त्यावर त्याच्याइतका हलका आणि त्याच्याइतका उघडा वाटसरू पादचारी सोडल्यास दुसरा नाही, आणि तो दगावतो तेव्हा त्या मृत्यूची कारणे बहुधा त्याच्या सायकलीत नसून त्याच्या मागून येणाऱ्या वाहनाच्या वेगात आणि त्याच्या पायाखालच्या रस्त्याच्या घडणीत असतात.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. महाराष्ट्राचा वाटा १५ हजारांहून अधिक मृत्यूंचा होता. देशभरातील मृतांमध्ये सायकलस्वार सुमारे ४,८०० होते, म्हणजे एकूण मृत्यूंच्या तीन टक्क्यांच्या आसपास. तीन टक्के हा आकडा लहान वाटतो आणि त्यामुळेच तो धोरण ठरवणाऱ्यांच्या नजरेतून निसटतो. परंतु दिवसाला सरासरी तेरा सायकलस्वार मरतात असे त्याच आकड्याचे दुसरे रूप आहे. त्याच अहवालात आणखी दोन गोष्टी नोंदलेल्या आहेत, ज्या खानदेशसारख्या महामार्गांच्या प्रदेशाला थेट लागू पडतात. राष्ट्रीय महामार्गांची लांबी देशातील एकूण रस्त्यांच्या जेमतेम दोन टक्के असताना एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू त्यांच्यावर होतात, आणि दहापैकी सात मृत्यूंच्या मुळाशी अतिवेग असल्याची नोंद पोलिसांच्या कागदपत्रांत सापडते.

खानदेशातील सायकलस्वार कोण, हे आधी पाहिले पाहिजे, कारण सायकल म्हटले की आज शहरी वाचकाच्या मनात रविवारी सकाळी हेल्मेट घालून निघणारा हौशी सायकलपटू उभा राहतो. तोही धोक्यात असतोच. पेंटियम प्रोसेसरच्या रचनेत मोठा वाटा असलेले आणि इंटेल कंपनीच्या भारतातील कामाचे प्रमुख राहिलेले अवतार सैनी यांचा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे नवी मुंबईच्या पाम बीच मार्गावर सायकल चालवताना कॅबची धडक बसून मृत्यू झाला, तेव्हा देशभरातील वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली आणि रुंद, गुळगुळीत रस्त्यांवरील वेगाविषयी काही दिवस चर्चाही झाली. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत मात्र सायकल हे मुख्यतः पोटापाण्याचे आणि शाळेचे वाहन आहे. एमआयडीसीतील चटई, पाइप आणि डाळीच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे कामगार, रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागांकडे पहाटेच निघणारे मजूर, दुधाच्या किटल्या अडकवलेले गवळी, वर्तमानपत्रे टाकणारी मुले आणि रात्रपाळी संपवून घरी परतणारे पहारेकरी हे येथील सायकलस्वार आहेत. त्यांच्यापैकी कोणी दगावला तर स्थानिक पानावर ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत सायकलस्वार ठार’ एवढ्या मथळ्याखाली चार ओळी येतात, आणि पुढे त्या प्रकरणाचे काय झाले हे वाचकाला सहसा कळत नाही.

येथील सायकलस्वारांत शाळकरी मुलींची संख्या मोठी आहे आणि त्यामागे शासनाचाच एक चांगला निर्णय आहे. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातील १२५ मागास तालुक्यांत शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू विद्यार्थिनींना सायकली दिल्या जातात, जेणेकरून शाळा दूर आहे म्हणून मुलीचे शिक्षण सुटू नये. सायकल हाती आल्याने मुली शाळेत टिकतात, पण गावातील घर आणि माध्यमिक शाळा यांच्या मधला रस्ता पुष्कळदा राज्यमार्ग किंवा महामार्ग असतो आणि त्याच्या कडेला सायकलीसाठी वीतभरही राखीव जागा नसते. एक खाते मुलीला सायकल देते आणि दुसरे खाते तिच्या शाळेपुढचा रस्ता रुंद करून त्यावरील वेग वाढवते. या दोन खात्यांनी कधी एका टेबलावर बसून त्या पाच किलोमीटरांचा नकाशा पाहावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

वेगाचा प्रश्न साध्या गणिताने समजतो. वाहन थांबण्यास लागणाऱ्या अंतराचे दोन भाग असतात. चालकाला धोका दिसल्यापासून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत गाडी जेवढी पुढे जाते तो पहिला भाग, आणि ब्रेक लागल्यापासून गाडी उभी राहीपर्यंत ती जेवढी घसरते तो दुसरा. पहिल्या भागाला दीड सेकंद धरले आणि रस्ता कोरडा, ब्रेक उत्तम स्थितीत मानले, तर ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार सुमारे ४५ मीटरमध्ये थांबते, ८० च्या वेगाला जवळपास ६९ मीटर लागतात आणि १०० च्या वेगाला ९७ मीटरच्या आसपास. पहिला भाग वेगाच्या प्रमाणात वाढतो, दुसरा मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे वेग दुप्पट झाला तर ब्रेकनंतरचे अंतर चौपट होते, आणि आपण थोडेच जास्त वेगात आहोत ही चालकाची समजूत नेमकी येथे फसते. समजा, ४५ मीटरवर एक सायकलस्वार रस्ता ओलांडत आहे. ६० ने येणारी मोटार त्याच्या अलीकडे कशीबशी उभी राहील. तिच्याच शेजारून, तेवढ्याच सावध चालकाची, तेवढ्याच चांगल्या ब्रेकची मोटार ८० ने येत असेल तर सायकलीजवळ पोचताना तिचा वेग अजून ताशी ६५ किलोमीटर असेल. मूळच्या वेगांत फरक वीसचा, पण एकीकडे केवळ घाबरलेला माणूस आणि दुसरीकडे मृतदेह. मालाने भरलेल्या ट्रकला तर याहून लांब अंतर लागते, आणि पावसाळ्यात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती डांबरावर आणून पसरली की हे सारे हिशेब आणखी बिघडतात.

रात्री याच गणिताला प्रकाशाची मर्यादा येऊन मिळते. मोटारीच्या खालच्या झोताचा, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांवर न जाणाऱ्या प्रकाशाचा, उपयोगी टप्पा साधारण ४० ते ५० मीटरचा असतो, त्यामुळे त्या झोतात ८० च्या वेगाने जाणारा चालक ज्या अंतरात थांबू शकत नाही तेवढ्याच अंतराचा रस्ता पाहत असतो. वरचा झोत लावला तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि दिपलेल्या डोळ्यांना कडेची काळी, बिनदिव्याची सायकल ती अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. खानदेशच्या उन्हाळ्याने या अडचणीत भर घातली आहे. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, दुपारी सायकल मारणे जिवावर येते आणि कष्टकरी माणूस पहाटे उजाडण्याआधी निघून दिवेलागणीनंतर परततो. रात्रभर स्टिअरिंगवर असलेल्या लांब पल्ल्याच्या चालकाला झोपेची सर्वांत अनावर गुंगी येते ती पहाटेच. दोघे एकाच वेळी, एकाच अरुंद पट्टीवर, सर्वांत कमी उजेडात भेटतात.

ही पट्टी, जिला सगळे साइडपट्टी म्हणतात, तिची अवस्था बारकाईने पाहण्यासारखी आहे. तापी खोऱ्यातील काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात आक्रसून भेगाळते, त्यामुळे डांबराखालचा भराव दरवर्षी हलतो आणि रस्त्याची कड तुकड्यातुकड्यांनी तुटत जाते. डांबराचे थरावर थर चढत राहिले आणि साइडपट्टीत मात्र मुरूम भरला गेला नाही की दोहोंच्या पातळीत चार-सहा बोटांचा उभा कठडा तयार होतो. ट्रक-मोटारीच्या चाकाला तो जाणवतही नाही, सायकलीच्या दीड इंची टायरला तो ओलांडता येत नाही. मागून हॉर्न वाजला की सायकलस्वार बिचकून खाली उतरतो, पुढे ओढा, झुडूप किंवा खडीचा ढीग आला की त्याला पुन्हा वर चढावे लागते, आणि चढताना पुढचे चाक त्या कडेला घासले की हँडल वाकडे होऊन तो उजवीकडे, म्हणजे नेमका वाहनांच्या पुढ्यात, आडवा पडतो. अशा अपघाताच्या पंचनाम्यात ‘सायकलस्वार अचानक गाडीसमोर आला’ असे चालकाचे म्हणणे नोंदले जाते. ते खोटे नसते, पण तो अचानक का आला याचे उत्तर त्याच्या मागच्या दोन मीटरच्या तुटक्या कडेत असते आणि पंचनाम्याची पट्टी तिथवर क्वचित जाते.

बऱ्हाणपूरहून रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा आणि शिरपूरमार्गे अंकलेश्वरकडे जाणारा रस्ता या दृष्टीने विशेष काळजीचा आहे. केळीचा आणि कापसाचा हा मुलूख, त्यामुळे रस्त्याला वर्दळ महामार्गाची आणि दोन्ही बाजूंना वस्ती शेतकरी गावांची. कापसाच्या हंगामात गाडीच्या साट्याबाहेर दोन्ही अंगांनी फुगलेला माल घेऊन वाहने जिनिंगकडे निघतात. त्यांच्या चालकाला आपली गाडी जेवढी रुंद वाटते त्याहून ती प्रत्यक्षात बरीच रुंद झालेली असते, आणि फुगवटा नेमका सायकलस्वाराच्या खांद्याच्या उंचीवर येतो. मागचे दिवे नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला चुकवण्यासाठी एखादा मोटारचालक शेवटच्या क्षणी डावीकडे कट मारतो, तेव्हा ट्रॉलीच्या आडोशाने चाललेला सायकलस्वार त्याच्या वाट्याला येतो.

मागून बसणारी धडक हा सर्वांत जीवघेणा प्रकार, पण एकमेव नव्हे. सायकलला ओलांडताना वाहन किती अंतरावरून जाते यावर बरेच अवलंबून असते. सायकल सरळ रेषेत चालत नाही. पायडल मारताना, खड्डा चुकवताना ती थोडी डोलतेच, आणि मोठा ट्रक वेगाने शेजारून गेला की त्याच्या हवेचा झोत आधी तिला बाहेर ढकलतो आणि मग आत ओढतो. म्हणूनच जर्मनीने २०२० पासून सायकलला ओलांडताना शहरात किमान दीड मीटर आणि शहराबाहेर किमान दोन मीटर अंतर कायद्याने सक्तीचे केले आहे आणि ब्रिटनच्या वाहतूक संहितेनेही २०२२ मध्ये दीड मीटरची मर्यादा घालून दिली. भारतात चालकाने सुरक्षित अंतर राखावे एवढीच अपेक्षा आहे आणि सुरक्षित म्हणजे किती हे ज्याच्या त्याच्या अंदाजावर सोडले आहे. दुसरा प्रकार चौकातला. ट्रक किंवा बस डावीकडे वळताना केबिनच्या डाव्या दाराखालचा आणि मागचा मोठा भाग चालकाला आरशातही दिसत नाही, आणि वळताना मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून, कडेला खेटून जातात. त्या आंधळ्या कोपऱ्यात उभा असलेला सायकलस्वार चालकाच्या लेखी तेथे नसतोच. चौकात उभ्या असलेल्या ट्रकच्या डाव्या अंगाला सायकल घालू नये, ही गोष्ट शाळेत शिकवली जायला हवी. आणि वळण्याआधी क्षणभर थांबून क्लीनरला डावी बाजू पाहायला लावणे ही जुनी सवय, क्लीनरच नाहीसे होत चालले असले तरी, चालकांनी सोडता कामा नये.

तिसरा प्रकार चौपदरी रस्त्यांनी जन्माला घातला. रस्त्याच्या मधोमध दुभाजक आला की शेत एका बाजूला आणि गाव दुसऱ्या बाजूला राहते, आणि दुभाजकातील अधिकृत वाट एक-दीड किलोमीटर पुढे असते. मोटारीला तो फेरा दीड मिनिटाचा, डोक्यावर ऊन घेऊन सायकल रेटणाऱ्याला तो वीस मिनिटांचा. सेवा रस्ता, म्हणजे महामार्गाला समांतर स्थानिक वाहतुकीसाठीचा रस्ता, सलग नसेल तर माणूस उलट्या दिशेने येतो किंवा दुभाजक तोडून केलेल्या फटीतून सायकल घालतो. उलट्या दिशेने येणे चूक आहे आणि ती जिवावर बेतते. तरीही ज्या ठिकाणी रोज शंभर माणसे तीच चूक करतात तेथे दोष शंभर माणसांच्या शिस्तीत शोधण्यापेक्षा नकाशात शोधणे अधिक फलदायी ठरेल.

जळगाव शहराने हा अनुभव वर्षानुवर्षे घेतला आहे. खोटेनगर, शिव कॉलनी, आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुली ही महामार्गावरची नावे असली तरी ते शहराचे रोजचे चौक आहेत, कारण महामार्गाच्या दोन्ही बाजूंना वसाहती वाढत गेल्या आणि शाळा, बाजार, दवाखाना, कारखाना यांसाठी महामार्ग ओलांडणे अपरिहार्य झाले. पश्चिमेला गिरणेच्या पुलापलीकडे बांभोरीजवळ विद्यापीठ, पूर्वेला एमआयडीसी, आणि त्यांना जोडणारा रस्ता हाच, ज्यावरून सुरतचा माल नागपूरला जातो. महामार्गालगत समांतर रस्ते व्हावेत यासाठी जळगावकरांनी समिती स्थापून, मोर्चे काढून दीर्घकाळ लढा दिला आणि त्यानंतर शहरातील काही चौकांत भुयारी मार्ग झाले. भुयारी मार्गामुळे ओलांडणे सुरक्षित होते. पण समांतर रस्ता सलग नसला, त्यावर अतिक्रमण असले किंवा पावसाचे पाणी साचत असले तर सायकलस्वार पुन्हा मुख्य रस्त्यावर येतो आणि प्रश्न तेथेच राहतो. धुळ्याची गोष्ट थोडी वेगळी. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने १८१९ च्या सुमारास सरळ आणि रुंद रस्त्यांची नवी पेठ आखली, त्यामुळे धुळ्याच्या या भागाला सायकलीसाठी सोयीची अशी बैठी, चौकोनी रचना लाभली, आणि बाह्यवळणामुळे लांब पल्ल्याची वाहतूक बाहेर गेल्यावर आग्रा रोड हा बाजाराचा रस्ता झाला. तेथे धोका वेगापेक्षा गर्दीचा, उभ्या वाहनांच्या अचानक उघडणाऱ्या दारांचा आणि पाचकंदीलसारख्या ठिकाणच्या गोंधळाचा आहे. मरणाचा धोका तेथून बाहेर, अवधानच्या एमआयडीसीकडे जाणाऱ्या मोकळ्या रस्त्यावर अधिक आहे.

येथे शासकीय मोजणीची एक उणीव लक्षात घ्यावी लागते. राष्ट्रीय महामार्गावरील सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, अथवा दहा मृत्यू झाले, तर त्या जागेला अपघातप्रवण स्थळ, म्हणजे ‘ब्लॅक स्पॉट’ ठरवले जाते आणि दुरुस्तीचा निधी तिकडे वळतो. मोटारींच्या धडका वळणावर, पुलाच्या तोंडाशी, चौकात साचतात, त्यामुळे त्या या व्याख्येत बसतात. सायकलस्वाराचा मृत्यू विखुरलेला असतो. या गावाच्या फाट्यावर एक, पुढच्या गावाच्या शेतरस्त्यापाशी एक, त्याच्या पुढच्या शाळेसमोर एक, असे पन्नास किलोमीटरमध्ये दहा मृत्यू झाले तरी एकही जागा काळी ठरत नाही आणि एकाही जागेला पैसा मिळत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समित्या काम करतात आणि अपघातांची नोंद आता संगणकीय प्रणालीवर होते. त्यामुळे जळगाव आणि धुळ्याच्या समित्यांना मृत्यूंची मांडणी केवळ जागेनुसार न करता मृताच्या वाहनानुसार करणे अवघड नाही. तशी मांडणी केली की काळ्या ठिपक्यांऐवजी सायकलस्वारांसाठी धोक्याच्या लांबच लांब रेघा नकाशावर दिसतील, आणि त्यावरचा उपाय एखादा उड्डाणपूल नसून सलग, पक्की साइडपट्टी आहे हेही दिसेल.

कायदा सायकलस्वाराच्या बाजूने आहे, पण त्याच्या घरापर्यंत तो उशिरा पोचतो. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार सायकल हे मोटार वाहन नाही, तिला परवाना लागत नाही आणि विमाही नसतो, त्यामुळे मृताच्या कुटुंबाला भरपाई मिळते ती धडक देणाऱ्या वाहनाच्या विम्यातून. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे दावा करावा लागतो आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्याची मुदत अपघातापासून सहा महिन्यांची केली आहे. दुःखात बुडालेल्या, कागदपत्रांची सवय नसलेल्या कुटुंबाचे हे सहा महिने पाहता पाहता निघून जातात. चालकाचा दोष सिद्ध करण्याची गरज नसलेला एक सोपा मार्गही कायद्यात आहे. त्यात मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये ठरलेले आहेत. वाहनच सापडले नाही तर २०२२ पासून लागू झालेल्या योजनेखाली मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळतात. पूर्वी हीच रक्कम पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होती. २०२२ मध्ये देशात धडक देऊन पळून जाण्याच्या घटनांत ३० हजारांहून अधिक माणसे मेली हे पाहता या योजनेकडे अर्जांची रीघ लागायला हवी होती. प्रांत किंवा तहसील कार्यालयात असा अर्ज करता येतो हे गावातल्या पोलीस पाटलाला, शिक्षकाला आणि ग्रामसेवकाला माहीत असणे म्हणजे एका कुटुंबाला उभे राहायला आधार मिळणे होय.

निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल जुन्या दंड संहितेत कमाल दोन वर्षांची शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती पाच वर्षांपर्यंत वाढली. अपघातानंतर पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद मात्र जानेवारी २०२४ मधील चालकांच्या संपानंतर अंमलात आणली गेली नाही. त्या संपामागची भीती समजून घेण्याजोगी होती, कारण जमावाच्या हाती सापडण्याच्या धास्तीने चालक पळतो हे खरे आहे. तरीही रस्त्याच्या कडेला रक्तबंबाळ पडलेल्या माणसासाठी पहिला तास निर्णायक असतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते, जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण दिले आहे, आणि मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. पळणाऱ्या चालकाने निदान पुढच्या ढाब्यावरून एक फोन केला तरी एखादा जीव वाचू शकतो.

चालकाकडे केवळ आरोपी म्हणून पाहणेही अपुरे आहे. मोटार परिवहन कामगारांना दिवसाला आठ तासांहून अधिक काम देऊ नये असे १९६१ चा कायदा सांगत होता. प्रत्यक्षात भाडे, हप्ता आणि माल पोचवण्याची वेळ यांच्या कात्रीत सापडलेला ट्रकचालक सलग रात्र काढतो. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे बिजासन घाटाच्या बाजूने आलेला कंटेनर ताबा सुटून वाहनांना धडकत रस्त्याकाठच्या हॉटेलात शिरला आणि किमान दहा माणसे मेली. ब्रेक निकामी झाल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. ट्रकमालक, माल पाठवणारा व्यापारी, वाहनाची तपासणी करणारी यंत्रणा आणि घाटाच्या पायथ्याशी गाव असताना वेग आवरणारी रचना न करणारे अभियंते यांचाही वाटा मोजल्याखेरीज चालकाला दिलेली शिक्षा अर्धवट राहते.

नेदरलँड्सकडे आज सायकलींचा देश म्हणून पाहिले जाते, पण १९७१ मध्ये त्या लहानशा देशात तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले, मुलांचे बळी थांबवा अशी चळवळ उभी राहिली, आणि पुढच्या काही दशकांत वेगळे सायकल मार्ग, वस्तीतील कमी वेग आणि सुरक्षित चौक यांचे जाळे विणले गेले. तेथील कायद्याने सायकल व मोटार यांच्या धडकेत भरपाईची जबाबदारी प्रथमतः मोटारीवर टाकली आहे, कारण धोका रस्त्यावर आणणारी तीच असते. स्वीडनने १९९७ मध्ये रस्त्यावरचा एकही मृत्यू अटळ मानायचा नाही असे धोरण स्वीकारले. माणूस चुकणारच हे गृहीत धरून चुकीची किंमत मृत्यू असू नये अशी रस्त्याची घडण करायची, हे त्याचे सूत्र. भारतीय रस्ते काँग्रेसनेही सायकल मार्गांच्या रचनेच्या शिफारशी १९६२ इतक्या आधी प्रसिद्ध केल्या होत्या, म्हणजे ज्ञानाची उणीव तेव्हाही नव्हती.

सायकलस्वाराने मागे लाल परावर्तक लावावा, अंधारात दिवा वापरावा, फिकट कपडे घालावेत हे योग्यच आहे, आणि काही रुपयांची परावर्तक पट्टी चिकटवून देण्याचे काम शाळा, साखर कारखाने, जिनिंग आणि एमआयडीसीतील उद्योगांनी आपल्याकडे घ्यावे. पण या सूचना ज्या सहजतेने दिल्या जातात तेवढ्या सहजतेने वेगमर्यादा कमी केल्या जात नाहीत. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यांवर मोटारींसाठी ताशी १०० आणि नगरपालिका हद्दीतील रस्त्यांवर ताशी ७० किलोमीटर ही कमाल मर्यादा ठरवली. जागतिक आरोग्य संघटना शहरांत ५०, आणि पादचारी-सायकलस्वार वाहनांत मिसळतात तेथे ३० सुचवते, कारण सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताची शक्यता सुमारे चार टक्क्यांनी वाढते. केंद्राची मर्यादा ही वरची सीमा आहे; ती आणखी खाली आणण्याचा अधिकार राज्याला आहे.

हा अधिकार वापरण्याची वेळ जळगावात आलेली आहे. पाळधी ते तरसोद हा शहराबाहेरचा वळणमार्ग जड वाहतूक बाहेर नेण्यासाठी आखला गेला. कंटेनर शहरातून जाणे थांबले की खोटेनगर ते अजिंठा चौफुली हा जुना महामार्ग रुंद, सरळ आणि अर्धा रिकामा होतो, आणि असा रस्ता मोटारचालकाला वेग वाढवण्याचे आमंत्रण देतो. त्या रस्त्यावर वेगमर्यादा ४० वर आणून ती कॅमेऱ्यांनी राबवणे, मोकळ्या झालेल्या रुंदीतून दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर सायकलीसाठी कठड्याने वेगळे काढणे आणि चौकांतील डावी वळणे आवळून ट्रक-बसचा वळण्याचा वेग कमी करणे ही कामे डांबराचा पुढचा थर पडताना त्याच निविदेत घालता येतात. थर पडून पांढरे पट्टे आखले गेले आणि कडेला फेरीवाले व पार्किंग स्थिरावले की तीच जागा सायकलीसाठी परत मिळवायला आणखी एक लढा लागेल, आणि समांतर रस्त्यांच्या लढ्याला किती वर्षे लागली हे जळगावकरांना सांगावे लागत नाही.